शाळा बाईंची, राबणंही बाईंचं; मग सातबाऱ्यावर नाव का नाही?

जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आणि घरी शेती. कागदावर यांची नोंद कुठं होते, कुठं होत नाही आणि त्यावर काय करता येतं, याची सोप्या भाषेत माहिती

तालुका प्रतिनिधी

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमाराला फाट्यावर उभं राहा. स्कुटीवरून, एसटीतून, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून शाळेला निघालेल्या बाई दिसतील. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. बघणारा म्हणतो, "मजा आहे बाईंची. महिन्याच्या महिन्याला पगार."

यातल्या बऱ्याच जणी त्याआधी चार-साडेचार तास काम करून निघालेल्या असतात, हे बघणाऱ्याला दिसत नाही. शेण काढलेलं असतं, धार काढलेली असते, रानात जाणाऱ्यांच्या भाकरी बांधून दिलेल्या असतात. संध्याकाळी परत आल्यावर दुसरी पाळी सुरू होते. नवरा शेतकरी, घरात सासू-सासरे, दोन लेकरं, पाच-सात एकर रान आणि बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत. अशी घरं आपल्या तालुक्यात गावोगावी आहेत.

अशाच एका बाईंच्या घरी मी मागच्या महिन्यात गेलो होतो. निमित्त साधं होतं. त्यांच्या मालकांचा शेतकरी ओळख क्रमांक काढायचा राहिला होता आणि त्याबद्दल त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता विषय बाईंवर आला. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पण त्यांनी जे सांगितलं ते बऱ्याच घरांना लागू पडतं, म्हणून हा लेख.

सकाळी शेण, दहाला खडू

बाईंचं वय ४२. २००९ साली शिक्षण सेवक म्हणून लागल्या. तीन वर्षं मानधनावर काढली, मग कायम झाल्या. शाळा पहिली ते चौथीची, दोन शिक्षकी. म्हणजे एका शिक्षकाकडं दोन वर्ग. पहिली अक्षर गिरवते तेव्हा दुसरीला गणित घालून द्यायचं, आणि दुसरीची वही तपासेपर्यंत पहिलीतलं एखादं पोरगं दप्तर घेऊन दाराबाहेर.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. त्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं, आणि शिक्षकानं आठवड्याला तयारीसकट ४५ तास काम करणं, असंही त्यात आहे. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं बिगर शैक्षणिक काम लावू नये.

प्रत्यक्षात काय असतं ते ज्यांची लेकरं जिल्हा परिषद शाळेत आहेत त्यांना ठाऊक आहे. पोषण आहाराचा तांदूळ मोजून देणं (पाचवीपर्यंतच्या लेकराला रोजचा १०० ग्रॅम), त्याची रोजची नोंद, पोरांचे आधार, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, वरून आलेला मेसेज "आजच्या आज माहिती भरा". दोन शिक्षकांतला एक मीटिंगला गेला की चारही वर्ग एकावर.

बाई म्हणाल्या, "आमचं काय, सकाळी शेण आन दहाला खडू. हात धुतले तरी वास येतो का म्हणून आधी आधी लाज वाटायची. आता नाही वाटत. पोरं बी त्याच घरची आहेत."

शाळेचं वर्ष आणि रानाचं वर्ष

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिक्षकांना सुट्ट्या भरपूर, मग शेतीला काय अडचण? अडचण अशी की शाळेचं कॅलेंडर आणि रानाचं कॅलेंडर एकमेकांच्या अंगावर पडतं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. नवीन दाखले, पुस्तकं वाटप, पट वाढवायला घरोघर फिरणं. त्याच आठवड्यात मृगाचा पाऊस पडला की सोयाबीन-तुरीची पेरणी. बी, खत, बैल किंवा ट्रॅक्टर, पेरणीवाल्यांचं जेवण, सगळं एकदम.

जुलै-ऑगस्टात खुरपणी. बाया मिळत नाहीत म्हणून बाई सकाळी उठून फोन लावतात, मजुरी ठरवतात, शाळा सुटल्यावर थेट रानात जाऊन तासभर पात धरतात आणि मजुरी वाटतात.

ऑक्टोबरला पहिलं सत्र संपत येतं, परीक्षा, पेपर तपासणी, आणि रानात सोयाबीनची काढणी. दिवाळीची सुट्टी मळणीत जाते. फेब्रुवारी-मार्चला हरभरा आणि ज्वारी काढायला येते, शाळेत तेव्हा वर्षाच्या शेवटाची गडबड. मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा रानात उरतात धसकटं वेचायची आणि घरात उरतात लग्नं, पापड, कुरडया, वर्षाचं धान्य भरणं.

रजा घ्यायची म्हटलं तर किरकोळ रजा मोजक्या. त्या सासऱ्यांच्या दवाखान्याला आणि लेकरांच्या तापाला ठेवाव्या लागतात. "मळणीला रजा पाहिजे" असा अर्ज अजून तरी कुणी लिहिलेला मी बघितला नाही.

बदलीत शेतकरी नवऱ्याचा हिशोब नाही

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन होतात. त्यात 'पती-पत्नी एकत्रीकरण' अशी सवलत आहे. दोघं नोकरीला असतील आणि एकमेकांपासून ३० किलोमीटरपेक्षा लांब असतील, तर जवळची शाळा मागता येते. चांगली गोष्ट आहे.

पण ही सवलत दोघं नोकरदार असतील तरच. नवरा शेतकरी असेल तर त्याचं काम या हिशोबात नोकरी धरलं जात नाही. बाईंचे मालक म्हणाले, "मास्तर नवरा बदली मागू शकतो. रानाला बदली कुठून मागू?" बरोबरच आहे. नोकरदार नवरा बायकोच्या गावाकडं जाऊ शकतो. विहीर, गोठा आणि सहा एकर काळी जमीन उचलून नेता येत नाही. म्हणून बाईंची बदली लांब झाली की घर एका जागी आणि बाई दुसऱ्या जागी, नाहीतर रोजचा जाऊन-येऊन प्रवास. या बाईंनी पाच वर्षं रोज दोन एसटी बदलून शाळा केली.

योजनेत कुटुंबातली, सातबाऱ्यावर नाही

आता मुद्द्याचं.

पीएम किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. राज्याची नमो शेतकरी योजना त्याच निकषावर चालते. या योजनेत 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. कुटुंबातलं कुणी सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कायम नोकरीत असेल (चतुर्थ श्रेणी सोडून), तर सगळं कुटुंब अपात्र. जिल्हा परिषद ही स्थानिक स्वराज्य संस्था. म्हणजे बायको शिक्षिका असेल तर नवऱ्याला हप्ता नाही. नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पगार आहे तर हप्ता नको, हे कुणालाही पटेल. ज्यांनी माहिती न देता हप्ते घेतले त्यांच्याकडून वसुली निघाली आहे, हेही लक्षात ठेवा.

पण याची दुसरी बाजू बघा. हप्ता कापायचा असतो तेव्हा बाई त्या शेतकरी कुटुंबाच्या आत असतात. आणि शेती कुणाची हे लिहायची वेळ येते तेव्हा त्या बाहेर असतात.

बाईंच्या घरचा सातबारा मी बघितला. सासऱ्यांनी हयातीतच वाटणी करून दिलेली, बाईंच्या मालकांच्या नावावर अडीच हेक्टरच्या आसपास. इतर अधिकारात सोसायटीचा बोजा. बाईंचं नाव कुठंही नाही.

आता त्या रानात बाईंचं काय काय आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घेतलं. बोअर पाडला तो बाईंच्या शिक्षक पतसंस्थेच्या कर्जातून. हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जात होता. ठिबकचा शेतकरी हिस्सा बाईंच्या खात्यातून. दोन म्हशी घेतल्या त्या फरकाच्या रकमेतून. ज्या वर्षी पाऊस लांबला आणि दुबार पेरणी करावी लागली, त्या वर्षी बियाणं बाईंच्या पगारातून आलं. शिवाय ई-पीक पाहणी दर हंगामाला बाईच त्यांच्या मोबाइलवरून भरतात, कारण मालकांना ते ॲप जमत नाही. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, क्षेत्र भरायचं आणि खातेदाराच्या जागी नवऱ्याचं नाव निवडायचं. त्या यादीत स्वतःचं नाव नसतंच.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकरी ओळख क्रमांकही नाही. आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला आहे आणि तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. विकास सोसायटीचं सभासदत्व आणि पीक कर्जही जमिनीच्या नावावरच चालतं. पगारदार बाईला कर्जाची गरज काय, असं कुणी म्हणेल. पण सोसायटीत मत कुणाला, जमीन गहाण टाकताना किंवा विकताना सही कुणाची, हे सगळं त्या एका ओळीवर ठरतं.

हा एका घरचा प्रकार नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरात जमीन कसणारे खातेदार म्हणून बायकांची नोंद जवळपास १४ टक्के होती. रानात दिसणाऱ्या बायका किती असतात ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

"काही नाही, घरीच असते"

बाईंनी एक आठवण सांगितली. २०११ च्या जनगणनेला त्या प्रगणक होत्या, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. घरोघर जाऊन विचारायचं, कोण काय काम करतं. एका घरी माणूस ओट्यावर बसून सांगत होता. स्वतःचं काम सांगितलं, शेती. मुलाचं सांगितलं, शेती. "आणि तुमच्या मालकीणबाई?" तर म्हणाला, "काही नाही, घरीच असते." त्याच वेळी ती बाई खुरपं हातात घेऊन रानातून येऊन दारात उभी राहिली होती.

"मी त्यांना परत विचारलं, मग त्यांची नोंद नीट लिहिली," बाई म्हणाल्या. "पण घरी आल्यावर मनात आलं, माझ्या घरी कुणी विचारलं तर माझं काय लिहितील? शिक्षिका. एकच काम लिहायचं. रानातलं माझं काम तिथंबी नाही आन सातबाऱ्यावर बी नाही."

आता २०२७ ची जनगणना आहे. या वेळी आपल्या घरी प्रगणक आले की घरातल्या बायका काय काम करतात, हे खरं सांगा. वर्षातले किती महिने रानात राबतात, तेही सांगा. याला पैसा लागत नाही.

माहेरीही नाव नाही

अजून एक गोष्ट बऱ्याच बाईंच्या बाबतीत खरी निघते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क लागू होतो, असं सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं.

पण नोकरी असलेल्या लेकीला भाऊ म्हणतात, "तुला पगार आहे, तुला काय कमी?" आणि हक्कसोडपत्रावर सही होते. बाईंनीही केली. राग नाही, भाऊ चांगले आहेत, दिवाळीला आणि पंचमीला न्यायला येतात. फक्त हिशोब असा राहिला: माहेरी पगार आहे म्हणून नाव सोडलं आणि सासरी पगार आहे म्हणून नाव लावलं नाही.

पगार आहे, पण पुढं काय?

"पगार आहे ना" हे उत्तर सगळ्या प्रश्नांना दिलं जातं. म्हणून पगाराचंही थोडं समजून घेऊ.

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्यातल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दर महिन्याला कापली जाते, सरकार आपला हिस्सा टाकतं आणि निवृत्तीला जमलेल्या रकमेवर पुढचं ठरतं. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला तो याच कारणानं. बाई २००९ च्या, म्हणजे त्या नव्या पद्धतीत.

त्यातच १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी, असा तो निकाल. ज्यांची पाच वर्षांहून कमी राहिली त्यांना नोकरीपुरती सूट आहे, पण बढती पाहिजे असेल तर परीक्षा द्यावी लागेल. पेपर १५० गुणांचा, ६० टक्क्यांना पास, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के.

शिक्षक ५८ ला निवृत्त होतो. बाई ४२ च्या. म्हणजे त्यांना परीक्षा आलीच. सोळा-सतरा वर्षं पोरं शिकवून झाल्यावर आता रात्री साडेनऊला भांडी झाल्यावर बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडायचं. मी गेलो तेव्हा ते पुस्तक टीव्हीच्या खाली ठेवलेलं होतं, खूण म्हणून त्यात खताच्या दुकानाची पावती.

म्हणून "पगार आहे" हे म्हणताना त्या पगारालाही आता काळजी लागली आहे, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावं. ज्या घराचा बोअर या पगारातून झाला, त्या घरानं बाईला परीक्षेपुरते सहा महिने रोज दोन तास मोकळे करून द्यावेत. धार दुसऱ्या कुणी काढली तरी म्हैस दूध देते.

मग करायचं काय? नाव कसं लावायचं?

नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव जमिनीला लावता येतं. त्याचे दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला, लक्ष्मी मुक्ती योजना. शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं. पुढं शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती' नावाची मोहीम चालवली आणि शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावानं जमिनी केल्या. त्यानंतर सरकारनं १५ सप्टेंबर १९९२ ला शासन निर्णय काढला. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर त्याच्या नावच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लावता येतं.

यासाठी आपल्या तलाठ्याकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) नवऱ्याचा अर्ज द्यायचा. सोबत चालू सातबारा व आठ-अ, दोघांचं आधार, लग्नाचा किंवा नवरा-बायको असल्याचा पुरावा आणि संमतीचं प्रतिज्ञापत्र. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, १५ दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. त्यानंतर नवा सातबारा काढून नाव नीट आलंय का बघायचं. नावाची स्पेलिंग आधारप्रमाणेच पाहिजे, नाहीतर पुढं ओळख क्रमांक काढताना अडतं.

दुसरा मार्ग, बक्षीसपत्र. सातबारा ही महसुली नोंद आहे. मालकी पक्की करायची तर दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवता येतं. नवऱ्यानं बायकोला शेतजमीन बक्षीस दिली तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्याशिवाय जिल्हा परिषदेचा अधिभार आणि नोंदणीचा खर्च किती येईल ते आधी कार्यालयात विचारून घ्या. जमीन वडिलोपार्जित असेल आणि वाटणी झाली नसेल तर भाऊ, बहिणी, आई यांचा हक्क मध्ये येतो. अशा वेळी वकिलाला दाखवूनच पुढं जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नवरा गेल्यावर नाव लागतंच की, आता कशाला?* लागतं. नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर बायको, मुलं, मुली आणि नवऱ्याची आई असे सगळे सारखे वारस. पण ते वारस म्हणून, आणि तेही सगळ्यात वाईट दिवसांत कार्यालयाच्या पायऱ्या चढून. नवरा जिवंत असताना बायकोला आपणहून वाटणी मागता येत नाही, म्हणून त्याच्या हयातीत त्याच्या मनानं लागलेलं नाव वेगळं.

*नाव लावलं की जमिनीचे तुकडे पडतील का?* नाही. सहहिस्सेदार म्हणून नाव लागतं, गट एकच राहतो.

*बाईनं उद्या जमीन विकली तर?* दोघांची नावं असली की सगळी जमीन एकट्याला विकता येत नाही. तिलाही नाही आणि त्यालाही नाही. दारूत किंवा सावकारीत रान गेलेली घरं आपण बघितली आहेत. त्या घरांत दुसरी सही लागली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

*नाव लागलं तर पीएम किसानचा हप्ता मिळेल का?* नाही. शिक्षिका नोकरीत आहेत तोवर ते कुटुंब अपात्रच. त्या आशेनं नाव लावू नका.

*शिक्षिकेच्या नावावर शेती असलेली चालते का?* जमीन नावावर असणं हा गुन्हा नाही. मात्र नोकरीत असताना स्थावर मालमत्ता नावावर होते तेव्हा ती कार्यालयाला कळवावी लागते. म्हणून फेरफाराच्या आधीच गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून लेखी कळवून ठेवा.

*पतसंस्थेचं कर्ज शेतीला घेतलं तर?* घ्या, पण हप्ता बाईंच्या पगारातून जाणार आणि वस्तू कुणाच्या नावानं होणार, हे घेण्याआधी ठरवा. पाइपलाइन, म्हशी, ट्रॅक्टर यांच्या पावत्या ज्याचा पैसा त्याच्या नावानं घ्या. जामीन म्हणून सही करताना रक्कम वाचून सही करा.

शेवटी

हे सगळं बोलणं झाल्यावर मी बाईंच्या मालकांना विचारलं, "दादा, तुम्ही का नाही लावलं नाव?" ते गडबडले. भांडखोर माणूस नाही, बायकोला मान देणारा आहे. थोडा वेळ थांबून म्हणाले, "कुणी म्हटलंच नाही कधी. मी बी नाही, ती बी नाही." बाई आतून चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "मी कसं म्हणणार? मागितल्यासारखं दिसतं."

मला वाटतं अडचण हीच आहे. बहुतेक घरांत कुणाचा विरोध नसतो, पण विषय कुणी काढत नाही. बाईनं काढला तर मागितल्यासारखं दिसतं. म्हणून तो पुरुषानंच काढायला पाहिजे.

घरी आल्यावर मी माझा सातबारा मोबाइलवर काढला. माझी बायको शिक्षिका नाही, पण मी बातमीच्या मागं तालुकाभर फिरतो तेव्हा रान तीच बघते. सातबाऱ्यावर मी आणि धाकटा भाऊ. दुसऱ्यांना सांगायच्या आधी स्वतःचा अर्ज दिला पाहिजे म्हणून तो लिहिला. भावाला आधी सांगितलं, तो म्हणाला, "माझाबी लिही." दोन्ही अर्ज सोमवारी दिले आणि पोच घेतली. फेरफार मंजूर झाला की किती दिवस लागले आणि कुठं अडलं, ते इथंच लिहीन.

तुमच्या गावात कुणी असं नाव लावलं असेल तर आम्हाला जरूर कळवा. आणि आज संध्याकाळी जेवायच्या आधी एकदा आपला सातबारा उघडून बघा. त्यावर कुणाची नावं आहेत आणि रानात कोण कोण राबतं, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा.